बिनमुंडक्याचा रस्सा

आमच्या काजुएरो गावात माशाचं मुंडकं म्हणजे मानाचा घास. घरात मासा शिजला की मुंडकं कुणाच्या वाडग्यात पडतं त्यावरून घरात कुणाचं चालतं ते कळतं. पाहुणा आला तर ते पाहुण्याला, नाहीतर घरधन्याला, आणि घरधनी भित्रा असेल तर त्याच्या आईला. पण ज्या बाईनं नऊ महिने पोटात वागवून लेकरू जन्माला घातलं, तिच्या वाडग्यात मात्र गाळलेला रस्सा आणि काटे काढलेलं मांस, एवढंच. मुंडकं नाही. हा नियम दोना ओर्लांदिनाचा होता, मानाच्या बाईला आम्ही 'दोना' म्हणतो, आणि तिच्या नियमापुढे पाद्रीसुद्धा तोंड उघडत नसे.

"बाळंतिणीनं मुंडकं खाल्लं की पोर हट्टी निपजतं," ती म्हणायची. आमच्या गावातली सगळी पोरं तिच्या हातचा बिनमुंडक्याचा रस्सा पिऊन वाढलेल्या आयांची, आणि एकजात हट्टी. पण हे तिला सांगणार कोण?

ओर्लांदिना सुईण नव्हती. सुईण येऊन नाळ कापून, कॉफी पिऊन आपल्या घरी जायची. मग ओर्लांदिना यायची. डोक्यावर स्वतःचं काळं पातेलं, पातेल्यात स्वतःचा डाव, आणि तोंडात अर्धी विझलेली विडी. सव्वा महिना बाळंतिणीचं खाणं तिच्या हाती. घरातल्या चुलीसमोर ती एकदा बसली की उठायची नाही, आणि अंगानं अशी ऐसपैस होती की तिला वळसा घालून पातेल्यात डोकवायचं म्हणजे दुसऱ्या दारानं बाहेर पडून होडीतून फिरून यावं लागलं असतं. झाकण उचलायचा अधिकार तिलाच. मीठ पाहायचा अधिकारही तिलाच.

बाधणाऱ्या पदार्थांची तिची यादी लांबलचक होती. डुकराचं मांस बाधतं. कासव बाधतं. कातडीवाला बिनखवल्यांचा मासा बाधतो. मिरची तर बाधतेच, पण मिरचीकडे टक लावून बघणंही बाधतं. आणि सगळ्यात वाईट पिरान्हा. आमच्याकडे अंगावर साधं गळू झालं तरी माणूस पिरान्हा सोडतो. मग बाळंतिणीची तर आतून सगळी जखमच. "दातवाला मासा पोटात गेला की आतली जखम चावत बसतो," हे ती इतक्या गंभीरपणे सांगायची की ऐकणारीच्या पोटात तेव्हाच काहीतरी टोचायला लागायचं.

तिचं मासे धरणंही तिच्यासारखंच. पूर चढला की आमची काळी नदी रानात शिरते, झाडं छातीपर्यंत पाण्यात उभी राहतात, आणि मासे त्या झाडांखाली फळं खात कुठल्या कुठे पसार होतात. जाळं लावावं तर पानं अडकतात. पुरुष दिवसभर वल्हवून रिकाम्या हातानं परततात आणि नदीला शिव्या देतात. त्यातून पाकू, बाळंतिणीला चालणारा सगळ्यात निर्मळ मासा, तर इतका आत जातो की त्याचं नावच काढू नये. पण ओर्लांदिना पहाटे एकटी होडी घेऊन रानात जायची. एका काठीला दोरीनं लाकडी गोटी बांधलेली. ती गोटी पाण्यावर आपटायची. टुप. थोडं थांबून, टुप. फळ पडलं असं समजून मासा वर येतो. गळाला फळच लावलेलं. घरात आम्ही झोपतो त्या टांगलेल्या कापडी झुल्यावर पडल्या पडल्या तो आवाज ऐकू यायचा आणि बाया म्हणायच्या, "ऐका, ओर्लांदिना पाकूला हाका मारतेय." आणि तिला मासा मिळायचा. रोज. केळीच्या पानाखाली झाकून आणायची, मागच्या दारी बसून साफ करायची. लोक म्हणत, बाईचा हात गुणाचा आहे.

मी, एदिल्झा, या गावची सून. माझं पहिलं बाळंतपण झालं त्या वर्षी पूर असा चढला होता, की खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या घराची सगळ्यात वरची पायरीच तेवढी कोरडी राहिली होती. मुलगी झाली. सुईण गेली, ओर्लांदिना आली, आणि तिच्यामागोमाग दाराशी आली माझी सासू, दोना किटेरिया. माझा नवरा वाल्देनोर लहान असतानाच ती त्याला घेऊन बार्सेलोस शहरात राहायला गेली होती; तो मोठा होऊन गावी परतला, ती तिथेच राहिली. तिथून बोटीनं आली, आणि येताना टोपलीभर कोंबड्या घेऊन आली.

"आमच्या बार्सेलोसला बाळंतिणीला कोंबडीच देतात," तिनं होडीतूनच जाहीर केलं. "मासा शेवटी मासाच."

ओर्लांदिना चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "असतील बाई तुमच्याकडे कोंबड्या. आमच्याकडे पाण्यात कोंबड्या पोहत नाहीत."

दोघींच्या मध्ये पडायला मला बरं वाटत नव्हतं, म्हणून मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. कोंबड्या घरामागे बांधलेल्या तराफ्यावरच्या खुराड्यात ठेवल्या. पहिल्याच रात्री पाणअजगर आला आणि सगळ्या कोंबड्या गिळून बसला. गिळून इतका फुगला, की आला त्या भोकातून त्याला बाहेर पडता येईना. सकाळी सासूबाईंनी खुराड्याचं दार उघडलं तर आत एकच प्राणी, आणि तोही लाजल्यासारखा कोपऱ्यात. ओर्लांदिना नुसती काठीची दोरी तपासत बसली, पण गाल आतून चावत होती हे मला झुल्यावरून दिसत होतं.

मग सासूनंच नमतं घेतलं. "बरं, पाकूचा रस्सा चालेल. माझ्या वेळी मी तुमच्याच हातचा खाल्ला होता, दोना ओर्लांदिना. बघा ना माझा वाल्देनोर. जन्मात ताप माहीत नाही याला." आणि आल्यागेल्या प्रत्येक बाईला ती ही गोष्ट सांगू लागली. तिचा वाल्देनोर जन्मला तेव्हा पूर एवढा होता, की बाप्तिस्म्याला होडी चर्चच्या खिडकीतून आत नेली. पाद्री टेबलावर उभा होता. पोरानं पाद्र्याचं बोट धरलं ते सोडेचना. "सगळं पथ्याचं फळ," ती म्हणायची. "मी एक घास इकडचा तिकडे होऊ दिला नाही." आणि वाल्देनोर, दाराच्या चौकटीत मावत नाही एवढा माझा नवरा, कान लाल करून बाहेर होडी बांधायला जायचा.

मला मात्र दुधाची काळजी होती. पहिले दिवस थेंबथेंबच येत होतं. पोर ओढायची, थकायची, रडायची, पुन्हा ओढायची. ओर्लांदिनाचा रस्सा सुरू झाला. शेंद्रीच्या बियांनी रंगलेला, रानकोथिंबिरीचा वास, साबुकंदाच्या भाजलेल्या पिठानं दाट केलेला. मी वाडगा तोंडाला लावला की मला घाम फुटायचा, आणि वाडगा खाली ठेवेपर्यंत छाती भरून यायची. पोर पिऊन पिऊन झोपायला लागली. झोपेत हसायला लागली. मी म्हटलं, देवा, ही बाई शंभर वर्षं जगू दे, मग तिनं कितीही विड्या ओढल्या तरी चालतील.

"दोना ओर्लांदिना, एकदा मुंडकं द्या ना," मी लाडात येऊन म्हटलं.

"पोर हट्टी होईल."

"होऊ दे की."

"तू एक हट्टी आहेस तेवढी पुरे," ती म्हणाली आणि पुन्हा पातेल्याकडे तोंड केलं.

हे असं सुखानं चाललं होतं. मग एका सकाळी ओर्लांदिना रानातून आली, होडी मागच्या तराफ्याला बांधली, आणि विडी पेटवायला निखारा घ्यायला आत आली. तेवढ्यात सासूबाई तराफ्यावर धुणं धुवायला गेल्या. मासा मोठा मिळाला की लहान, हे बघायचा मोह कुणालाही होतो. त्यांनी होडीतलं केळीचं पान उचललं.

मग ताडाच्या पट्ट्यांच्या जमिनीवर त्यांची पावलं ऐकू आली. सावकाश, एकेक. त्या आत आल्या त्या झगा दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून. झग्याच्या काठाला एक मासा लटकत होता. तळहाताएवढा, गोल, चंदेरी, खालचा पंख लालसर, आणि जबडा काठावर घट्ट मिटलेला.

"एदिल्झा," त्या म्हणाल्या, "घाबरू नकोस. तू आजवर काय खात होतीस ते माझ्या झग्याला लटकलंय."

ओर्लांदिनानं विडी तोंडातून काढली. "किटेरिया, ओढू नकोस, झगा फाटेल. दोन्ही बाजूंनी गाल दाबले की सोडते ती."

"ही पिरान्हा आहे."

"जपमाळी आहे."

"पिरान्हा."

"जपमाळी."

जपमाळी आम्हा सगळ्यांना माहीत होती. पिरान्हाच्याच कुळातली, पण फळं, बिया आणि पाण्यात पडलेले किडे खाऊन राहणारी. मांसाच्या वाटेला फारशी जात नाही, म्हणून गावानं तिला हे नाव दिलं. शहरातून येणाऱ्यांना ती कुणाच्या गणतीतही नसते. त्यांना दातवाल्या, रक्त पिणाऱ्या पिरान्हाच पाहायच्या असतात. एरवी आमच्याकडे कुणीही जपमाळी खातो. पण पथ्यात? पथ्यात आजवर कुणी खाल्ली नव्हती. निदान असं सगळ्यांना वाटत होतं.

ओर्लांदिनानं मासा सोडवला, अंगठ्यानं त्याचा ओठ वर केला. "बघ. हे दात बघ. बाकीच्यांचा दात म्हणजे एकच टोक, सुरीसारखं. हिचा एकेक दात म्हणजे फणी. पाच पाच टोकं. यानं काय मांस तुटणार? बी सोलता येते, एवढंच."

"माझा झगा तुटला."

"झगा जुना आहे."

"दोना ओर्लांदिना," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी 'दोना' गिळून टाकलं. "ओर्लांदिना, दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे तू मला शिकवू नकोस. गळ्यात जपमाळ घातली म्हणून मगर काही साध्वी होत नाही. तू माझ्या सुनेला पथ्यात पिरान्हा घातलीस. खोटं बोलून घातलीस."

ओर्लांदिनानं विडी पुन्हा तोंडात धरली. खोटं बोललेच नाही असं ती म्हणाली नाही, आणि त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली.

पुराच्या दिवसांत आमच्या गावात बातमी होडीतून जाते, आणि होडी भरभर जाते. दुपारपर्यंत आमच्या घराला इतक्या होड्या बांधल्या गेल्या की घर वाहून जाईल असं वाटलं. ओर्लांदिनाच्या हातचं खाल्लेल्या साऱ्या बाया आत येऊन भिंतीला टेकून बसल्या, आणि प्रत्येकीला आपापलं दुखणं आठवू लागलं.

"म्हणूनच माझी कंबर धरते," मार्लुसिया म्हणाली. ती आमची शेजारीण. पिठाची गोणी नवऱ्यापेक्षा जास्त उचलते.

"माझं डोकं तेव्हापासूनच दुखतं," दुसरी म्हणाली.

"आणि माझा नवरा पळून गेला तो?" झेफानं विचारलं. झेफा गावात सगळ्यात मोठ्यानं बोलणारी बाई.

"तो बाळंतपणाच्या आधीच पळाला होता," मार्लुसिया म्हणाली.

"पळाला आधी. पण परत आला नाही तो नंतर ना?"

ओर्लांदिना चुलीसमोर उभी होती. तिथं उभी राहिलेली मी तिला तेव्हाच पाहिली. तिनं पातेल्यातला रस्सा जमिनीच्या फटींतून खाली नदीत ओतला, पातेलं डोक्यावर घेतलं, डाव त्यात टाकला आणि पायऱ्या उतरून होडीत बसली. जाताना एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या छातीशी असलेल्या पोरीकडे. मी नवी सून, झुल्यावर पडलेली, दोन्ही बाजूंनी बाया. काय बोलणार होते मी? पण राग आला होता. कुणाचा ते त्या वेळी कळलं नाही.

मग पेज सुरू झाली. सासूबाई मनापासून करायच्या, हे खोटं का सांगू. पाण्यात पीठ, चिमूटभर मीठ, वर प्रार्थना. वाल्देनोर रोज पाकू शोधायला जायचा आणि रोज रिकामी होडी घेऊन यायचा. डब्याचं दूध आणणारी दुकानाची बोट महिनाअखेरीशिवाय येणार नव्हती. आणि माझं दूध उतरायला लागलं. आधी पोर रागानं रडली, मग कुरकुरली. मग तिचं रडणं बारीक होत गेलं, आणि ते मोठ्या रडण्यापेक्षा वाईट होतं. मी तिच्या टाळूचा खोल गेलेला खळगा बोटानं चाचपायची आणि बोट काढून घ्यायची.

सासूबाईही झोपत नव्हत्या. त्यांना वाटत होतं, पिरान्हाचंच विष आता वर येतंय. मला वाटत होतं, पोटात काही नाहीये. दोघी एकाच पोरीसाठी घाबरलो होतो, आणि दोघींची भीती उलट्या दिशेनं वल्हवत होती.

आणि रोज पहाटे, रानातून, टुप. थोडं थांबून, टुप. हाकलून दिलं होतं, तरी बाई मासे धरत होती. कुणासाठी? तिच्या एकटीच्या घरी खाणारं कोण होतं? एका सकाळी तो आवाज आला आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्याच क्षणी आटत चाललेल्या छातीतून झग्यावर ओला डाग पसरला. नुसत्या आवाजानं. मी त्या डागाकडे पाहिलं. मग हाक मारली.

"वाल्देनोर, होडी काढ."

तो दारात आला, वाकून. "कुठे जायचंय?"

"दोना ओर्लांदिनाला घेऊन ये. पातेल्यासकट."

"आई काय म्हणेल?"

"आईचं मी बघते, तू मासा बघ. आणि हे बघ, मासा अख्खा आण म्हणावं. मुंडक्यासकट."

माझा नवरा पाणअजगराला शेपटीला धरून बाहेर ओढतो, पण आईसमोरून होडी काढायची तर त्याला दोरीची गाठ सुटेना. काढली मात्र. सासूबाई माझ्या झुल्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी फक्त पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुला काही झालं तर मी माझ्या मुलाला तोंड कसं दाखवू?"

"तिला काही झालं तर मी कुणाला दाखवू?" मी म्हटलं.

ओर्लांदिना आली. तिच्या मागोमाग साऱ्या होड्याही आल्या, कारण आमच्या गावात फुकटचा तमाशा कुणी सोडत नाही. तिनं पान बाजूला केलं आणि सगळ्यांसमोर एका जपमाळीचं पोट चिरलं. आत चुरलेल्या बिया, फळाचा लाल गर. "हे खाते ती," ती म्हणाली आणि मासे पातेल्यात सोडले. अख्खे. रस्सा उकळायला लागला तेव्हा पहिल्यांदाच ती पातेल्यासमोरून सरकून बसली, म्हणजे सगळ्यांना दिसावं.

सासूबाई चूल आणि माझा झुला यांच्या मध्ये आडव्या उभ्या होत्या. "मी हा वाडगा तिच्या हातात जाऊ देणार नाही."

"नको देऊस," ओर्लांदिना म्हणाली. "मला एवढं सांग. तुझा वाल्देनोर जन्मला तेव्हा होडी चर्चमध्ये कुठून गेली?"

"खिडकीतून. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे पूर."

"मोठा पूर."

"मग किटेरिया, त्या पुरात मी तुझ्यासाठी पाकू कुठून आणला असेल?"

सासूबाईंनी मग मागे वळून आपल्या मुलाकडे पाहिलं. वाल्देनोर चौकटीत वाकून उभा होता, जन्मात ताप माहीत नसलेला, पाद्र्याचं बोट न सोडणारा, पथ्याचं फळ. त्याचे कान लाल झाले होते.

"जपमाळी?" सासूबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

"सव्वा महिना," ओर्लांदिना म्हणाली. "तुला, मार्लुसियाला, झेफाला. पुरात बाळंत झालेल्या सगळ्यांना."

मग तीच बोलू लागली, डाव पातेल्यात फिरवत, आमच्याकडे न बघता.

"माझ्या वेळीही पूरच होता. मुलगा झाला होता मला. तुम्हाला कुणाला माहीत नाही, तुम्ही लहान होतात किंवा नव्हतातच. माझ्या सासूचं पथ्य कडक. गळाला जपमाळीच लागत होत्या, आणि ती त्या परत पाण्यात टाकायची. माझ्या डोळ्यांदेखत टाकायची. मला पेज. दूध आटलं. त्याला नाव ठेवायचं होतं, पण पाद्री यायच्या आधीच तो गेला." तिनं डाव पातेल्याच्या काठावर झटकला. "सासू वाईट नव्हती. माझ्यापेक्षा जास्त रडली. पण तेव्हाच मी ठरवलं, कुणाला काय बाधतं ते देव बघेल, मी पातेलं बघीन. खोटं बोलावं लागलं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही खाल्लं असतं का?"

मला रडू आलं. मी रडले, लपवलं नाही. मार्लुसिया कंबर धरायची विसरली. आणि माझी सासू, दोना किटेरिया, तिथून हलली, चुलीपाशी गेली, तिनं स्वतःच्या हातानं वाडगा घेतला, रस्सा भरला, वर सगळ्यात मोठं मुंडकं ठेवलं आणि माझ्या हातात दिलं. "खा," ती म्हणाली. "सावकाश. गाल आधी खा, तिथलं मांस गोड असतं."

मी गाल खाल्ले. डोळ्यांमागचं मऊ खाल्लं. फणीसारखे दात चोखून झुल्याच्या काठावर ओळीनं मांडले. त्या चवीचं काय सांगू? इतके दिवस मी रस्साच रस्सा म्हणत होते, आणि खरं सगळं या मुंडक्यात होतं. अंगातून घाम निघाला, आणि पोर छातीला लागली ती अशी, की गटगट आवाज सगळ्या घरानं ऐकला. बाया एकमेकींकडे बघून हसायला लागल्या.

फक्त सासूबाई हसत नव्हत्या. त्या काहीतरी विचार करत होत्या. मी घाबरले, म्हटलं आता पुन्हा काय?

"ओर्लांदिना," त्या म्हणाल्या, "मुंडक्यानं पोर हट्टी होतं, हे खरं का?"

"नाही."

"मग का नाही दिलंस?"

"दात दिसले असते."

"ते कळलं. पण मग ती मुंडकी जायची कुठे? नदीत?"

ओर्लांदिना विडी शोधू लागली. विडी तिच्या तोंडातच होती.

"नदीत टाकायचीस का, विचारतेय."

"राखेत," ओर्लांदिना म्हणाली.

"राखेत काय?"

"केळीच्या पानात गुंडाळून राखेत भाजायची. तुम्ही दुपारी झोपायचात तेव्हा."

"आणि?"

"आणि खायची."

माझी सासू सावकाश खाली बसली. "सगळी?"

"टाकून कशी देणार? पाप लागतं."

मग जो गलका झाला, तो जपमाळी झग्याला लटकली तेव्हाही झाला नव्हता. पिरान्हा खाऊ घातली ते सगळ्यांनी माफ केलं होतं, पण मुंडकी? झेफानं दोन बाळंतपणांची मुंडकी बोटांवर मोजायला घेतली आणि बोटं संपली. "आणि कोरड्या दिवसांत?" मार्लुसिया ओरडली. "माझं दुसरं बाळंतपण कोरड्या दिवसांत झालं. मला तर खरा पाकू दिलास ना? पाकूला कुठे असले दात असतात? पाकूचं मुंडकं तरी द्यायचं होतंस."

ओर्लांदिना पहिल्यांदा सगळ्यांकडे सरळ बघत म्हणाली, "नियम तो नियम."

पहिली हसली ती माझी सासू. हसता हसता तिनं फाटक्या झग्याच्या काठानं डोळे पुसले, आणि त्यातलं किती हसण्याचं होतं आणि किती दुसरं, ते मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या त्या मुलीला आता स्वतःची मुलगी आहे. लेक माझी मुंडक्यावर वाढली, आणि हट्टी आहेच, पण तिच्या आजीइतकी नाही. ओर्लांदिनाचे गुडघे गेले, मग दात गेले, आणि तिचं काळं पातेलं तिनं मला दिलं. आता पहाटे रानात गोटी आपटायला मी जाते. बाळंतिणीला काय खातेयस ते मी तोंडावर सांगते, मासा उघडा आणते, आणि पहिल्या वाडग्यात मुंडकं तिलाच. कुणाची सासू कुरकुरली तर किटेरियाला बोलावते. ती पुराची गोष्ट सांगते.

ओर्लांदिना प्रत्येक बाळंतपणाला येते. वाल्देनोर तिला उचलून पायऱ्या चढवतो आणि माझ्या शेजारी चुलीपाशी बसवतो. ती बाळाकडे खूप वेळ बघते, नाव विचारते, आणि नाव अजून ठेवलं नसेल तर लवकर ठेवा म्हणून मागे लागते. मग सगळ्यांना दुपारची डुलकी लागली की मी राख उकरते. एक मुंडकं पानात गुंडाळून तिच्यासाठी पुरून ठेवलेलं असतं. गालाचं मांस मी बोटांनी मऊ करून देते, आणि ती दाराकडे नजर ठेवून, चोरून, भरभर खाते.